नेत्रविभागात भौतिकशास्त्रालाही एक खुर्ची द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर एका रुग्णालयाच्या नेत्रविभागात ओसीटी (ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी), म्हणजे डोळ्याच्या पडद्याचे थर प्रकाशाने दाखवणारे यंत्र, आल्याची बातमी वाचली. फीत कापतानाचा फोटो होता, मान्यवरांची नावे होती, यंत्राची किंमत होती. यंत्राविषयी मात्र ‘परदेशी बनावटीचे अत्याधुनिक’ एवढेच तीन शब्द होते. यंत्र आले याचा मला मनापासून आनंद आहे. मी जुनी मधुमेही. डाव्या डोळ्याच्या पडद्याला सूज येते, म्हणून दर काही महिन्यांनी मी अशाच यंत्रापुढे हनुवटी टेकवून बसते. माझी वाचता येण्याजोगी नजर टिकली आहे ती या यंत्रामुळे आणि त्याच्या आधारे दिलेल्या इंजेक्शनांमुळे.

म्हणूनच त्या बातमीत जे नव्हते ते लिहावेसे वाटले. हे यंत्र कोणा एका कंपनीच्या कारखान्यात सुचलेले नाही. विद्यापीठातले भौतिकशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्सचे लोक आणि रुग्णालयातले नेत्रतज्ज्ञ वर्षानुवर्षे एकत्र बसले, एकमेकांचे प्रश्न समजून घेत राहिले, त्यातून ते आले. आपण यंत्र विकत घेतो, पण ही माणसे एकत्र बसतील अशी जागा आपल्याकडे जवळजवळ नाहीच, आणि ती करणे यंत्र घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. मी आयुष्यभर महाविद्यालयात प्रकाशशास्त्र शिकवले, त्यामुळे पत्र लांबेल. कृपया कात्री लावू नये ही विनंती.

आधी यंत्राविषयी. ज्यांनी बी. एस्सी.ला भौतिकशास्त्र घेतले त्यांना मायकेलसनचा इंटरफेरोमीटर आठवत असेल. एक अर्धपारदर्शक काच, काटकोनात दोन आरसे. प्रकाशाचा एक झोत दुभंगतो, दोन्ही आरशांवरून परततो, पुन्हा एकत्र येतो आणि डोळ्यासमोर काळ्या-पिवळ्या कड्या दिसतात. सोडियमच्या दिव्यावर कड्या मिळवणे फारसे अवघड नाही. खरी परीक्षा पांढऱ्या प्रकाशाची. साधा बल्ब लावला की कड्या तेव्हाच दिसतात, जेव्हा दोन्ही वाटांची लांबी मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागापर्यंत तंतोतंत सारखी असते. स्क्रू केसभर जास्त फिरला की सगळे गायब. मुले दुपारभर खटपट करत, कंटाळत, आणि एखादीलाच त्या चार-पाच रंगीत रेघा सापडत. सापडल्या की ती ओरडायचीच. मग सगळा वर्ग तिच्या टेबलाभोवती.

पांढऱ्या प्रकाशाचा हा हट्ट आम्ही प्रयोगातली अडचण म्हणून शिकवत होतो. ओसीटीने त्याच हट्टाची मोजपट्टी केली. एका आरशाच्या जागी रुग्णाचा डोळा ठेवा. दुसरा आरसा हलवत न्या. ज्या क्षणी आरशाचे अंतर पडद्यातल्या एखाद्या थराच्या अंतराशी जुळते, त्याच क्षणी संकेत येतो, इतर वेळी नाही. म्हणजे आरसा कुठे होता यावरून तो थर किती खोल आहे हे कळते. डोळ्याचा पडदा साधारण पाव मिलिमीटर जाडीचा, त्यात दहा थर. आडात हाक मारून प्रतिध्वनी यायला किती वेळ लागतो यावरून आपण खोली ओळखतो, सोनोग्राफीही तेच करते. पण प्रकाशाच्या बाबतीत दहा मायक्रॉनचा फरक म्हणजे सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागाहूनही कमी वेळ. तो मोजेल असे कोणतेही इलेक्ट्रॉनिक घड्याळ नाही. घड्याळाऐवजी इंटरफेरोमीटर वापरायचा, ही खरी युक्ती. रुग्णाला मात्र एक फिकट लाल रेघ सरकताना दिसते, इतकेच. थेंबसुद्धा टाकावे लागतातच असे नाही.

इथे एक आठवण करून द्यावीशी वाटते. प्रकाशाच्या लहरी एकमेकींत मिसळून उजेड-अंधाराचे पट्टे तयार करतात हे ज्याने दाखवले, तो थॉमस यंग पेशाने लंडनमधला डॉक्टर होता. बाहुलीमागचे भिंग आकार बदलून जवळचे-लांबचे कसे दाखवते, ॲस्टिग्मॅटिझम म्हणजे काय, रंग ओळखायला डोळ्याला तीन प्रकारची ग्रहणकेंद्रे पुरतील का, हे सगळे त्याने १८०१च्या आसपास मांडले. आमची मुले त्याचा दोन फटींचा प्रयोग पाठ करतात आणि तो डॉक्टर होता हे त्यांना ठाऊक नसते. डोळ्यांच्या डॉक्टरांना तो डॉक्टर म्हणून ठाऊक असतो आणि त्याच्या फटी ते बारावीनंतर विसरतात. पुढे १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झने डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण, ऑप्थॅल्मोस्कोप, जगापुढे आणले. तोही शिक्षणाने डॉक्टर आणि वृत्तीने भौतिकशास्त्रज्ञ. त्या काळी एका माणसाच्या डोक्यात दोन्ही विद्या मावत. आता मावत नाहीत, म्हणून दोन माणसे शेजारी बसवावी लागतात.

ओसीटीच्या बाबतीत अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये तेच झाले. जेम्स फुजिमोटो हे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत, विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक. अतिशय अल्पकाळ टिकणारे लेसरचे स्पंद हा त्यांचा विषय. कार्मेन पुलियाफिटो हे नदीपलीकडच्या मॅसॅच्युसेट्स आय अँड इअर या रुग्णालयातले नेत्रतज्ज्ञ. डोळ्यावर लेसर मारला की ऊतींचे नेमके काय होते, हा त्यांचा प्रश्न. १९८०च्या दशकापासून दोघे एकत्र काम करत होते. त्यांच्यात आला डेव्हिड हुआंग. हार्वर्ड आणि एमआयटीने मिळून चालवलेला एक अभ्यासक्रम आहे, त्यात एकच विद्यार्थी वैद्यकाची पदवीही घेतो आणि विज्ञान-अभियांत्रिकीतली पीएच. डी.ही करतो. हुआंग तिथला. डोळ्यातली अंतरे प्रकाशाने मोजायचे काम त्याच्याकडे होते. स्पंदांचा महागडा लेसर सोडून इंटरफेरोमीटरची साधी वाट धरली तर पडद्यातले थर वेगळे दिसतात, हे त्यातून पुढे आले.

चौथा माणूस एरिक स्वॉन्सन. तो एमआयटीच्याच लिंकन प्रयोगशाळेत उपग्रहांमध्ये लेसरने संदेश पाठवण्याच्या प्रकल्पावर काम करत होता. डोळ्यांशी त्याचा काही संबंध नव्हता. पण क्षीण प्रकाशातून संकेत वेगळा काढणे आणि प्रकाश तंतूंमधून नेणे, हे त्याच्या हातचे काम होते. त्यामुळे टेबलभर मांडलेली भिंगे-आरसे यांच्या जागी तंतूंवर चालणारी जुळणी आली. काचबिंदूचे डॉक्टर जोएल शुमन हेही सोबत होते. काचबिंदूत नजर जाण्याआधी चेतातंतूंचा थर पातळ होत जातो, तो मोजता आला तर रुग्ण वेळेत सापडेल, हा प्रश्न डॉक्टरांच्या बाजूने आला. अभियंत्याला तो सुचणे कठीण होते. उलट, हा थर किती बारकाईने मोजता येईल याचे उत्तर डॉक्टरांकडे नव्हते.

नोव्हेंबर १९९१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचा लेख आला. लेखाखाली अकरा नावे आहेत, अभियंते आणि डॉक्टर सरमिसळ. पहिली चित्रे शरीराबाहेर काढलेल्या पडद्याची आणि हृदयाच्या रोहिणीची होती. प्रकाशाने दिसलेले थर खरे आहेत का, हे तोच तुकडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ताडून घेतले होते. हे ताडून पाहणे मला फार महत्त्वाचे वाटते. सुंदर चित्र काढणे एक आणि ते चित्र शरीराशी जुळते हे सिद्ध करणे वेगळे. दुसरे काम पॅथॉलॉजीच्या माणसाशिवाय होत नाही. त्याच सुमारास व्हिएन्नात ॲडॉल्फ फेर्चर हे भौतिकशास्त्रज्ञ डोळ्याची लांबी याच तत्त्वाने मोजत होते. त्यांचा त्यावरचा लेख १९८८चा आहे. आज मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्याला हात न लावता लांबी मोजली जाते, त्याची मुळे तिथे आहेत. जिवंत माणसाच्या पडद्याची चित्रे १९९३ मध्ये व्हिएन्ना आणि बोस्टन दोन्हीकडून प्रसिद्ध झाली.

यानंतरचा टप्पा आपल्याकडे कोणी सांगत नाही. प्रयोगशाळेतले यंत्र उचलून बोस्टनच्या न्यू इंग्लंड आय सेंटरमध्ये, खऱ्या रुग्णांच्या रांगेत, नेऊन ठेवले. तिथे हजारो रुग्णांचे डोळे तपासले गेले. पडद्याला पडलेले छिद्र कसे दिसते, मधुमेहातली सूज कशी दिसते, म्हातारपणी पडद्याखाली साठणारे पाणी कसे दिसते, याचा एकेक नमुना जमवत डॉक्टरांनी नवी वाचायची पद्धत तयार केली. १९९६ मध्ये यंत्र बाजारात आले, पण पहिली काही वर्षे खप अगदीच कमी होता. चित्रे भरड, यंत्र महाग, आणि ते पाहून उपचार काय बदलायचा हे बहुतेक डॉक्टरांना स्पष्ट नव्हते. कंपनी तिथेच थांबली असती तर आज आपण फीत कापायला जमलो नसतो. २००२ मध्ये पोलंडमधल्या तोरुन विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी आरसा न हलवता, परतलेल्या प्रकाशाचा वर्णपट वाचून जिवंत डोळ्याची चित्रे काढून दाखवली. यंत्रे कितीतरी पट वेगवान झाली ती या रीतीने. फुजिमोटो, हुआंग आणि स्वॉन्सन यांना २०२३ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. हुआंग पुढे स्वतः नेत्रतज्ज्ञ झाले.

एमआयटीच्या दारातले मेट्रो स्टेशन आणि त्या रुग्णालयाजवळचे स्टेशन ही एकापुढची एक आहेत, मध्ये फक्त चार्ल्स नदीवरचा पूल. जवळ असण्याने काम सोपे होते हे खरे. पण नुसत्या जवळिकीने काही होत नाही. दोन्हीकडे पाय असलेला विद्यार्थी, त्याचे काम दोन्हीकडे धरले जाण्याची सोय आणि त्यासाठी मिळणारी शिष्यवृत्ती हेही तिथे होते.

दुसरी गोष्ट माझ्या डोळ्यात जाणाऱ्या औषधाची. डोळ्यात इंजेक्शन म्हटले की माणूस दचकतो, मीही दचकले होते. आयझॅक मायकेलसन नावाच्या नेत्रतज्ज्ञाने (इंटरफेरोमीटरवाला मायकेलसन वेगळा) १९४८ मध्येच सुचवले होते की, प्राणवायू कमी पडलेला पडदा असे काहीतरी द्रव्य सोडत असावा, ज्यामुळे नको त्या नव्या रक्तवाहिन्या वाढतात. ते द्रव्य कोणते, हे सांगायला त्याच्याजवळ साधने नव्हती. १९८९ मध्ये नेपोलिओने फेरारा आणि सहकाऱ्यांनी व्हीईजीएफ हे रक्तवाहिन्या वाढवणारे प्रथिन वेगळे काढले. एक्केचाळीस वर्षे डॉक्टरांचा प्रश्न प्रयोगशाळेची वाट पाहत राहिला. आणि मग १९९४ मध्ये लॉइड आयेलो आणि त्यांच्या सोबतच्या डॉक्टर-शास्त्रज्ञांनी १६४ रुग्णांच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी निघालेला द्रव जपून ठेवून त्यातले हे प्रथिन मोजले. मधुमेहाने नव्या रक्तवाहिन्या वाढत असलेल्या डोळ्यांत ते भरपूर आढळले. जो थेंब एरवी फेकून दिला जातो तो शल्यविशारदाने कुपीत धरला, लेबल लावले आणि बर्फात घालून पाठवला, म्हणून हे कळले. आपल्या जिल्ह्यात रोज कितीतरी अशी ऑपरेशने होतात. तो थेंब पाठवायचा कुठे, हे कोणाला ठाऊक आहे?

२००५ मध्ये मायामीच्या बॅस्कम पामर संस्थेतल्या फिलिप रोझेनफेल्ड यांनी आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झालेले, याच व्हीईजीएफला अडवणारे बेव्हासिझुमॅब हे औषध डोळ्यात अगदी थोड्या मात्रेत दिले. आठवड्याभरात पडद्याखालचे पाणी उतरले. हे कशावर दिसले? ओसीटीवर. दोन वेगळ्या प्रयोगशाळांत वाढलेली दोन कामे एका रुग्णाच्या डोळ्यात भेटली. त्याच कामासाठी खास तयार केलेल्या औषधाचा डोस अमेरिकेत दोन हजार डॉलरच्या घरात होता आणि याचा पन्नास डॉलरच्या आसपास. मग तिथल्या सरकारी पैशांतून दोन्ही औषधांची समोरासमोर चाचणी झाली आणि म्हातारपणच्या पडद्याच्या विकारात दोन्हींचा गुण सारखाच असल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. कोणतीही कंपनी ही चाचणी स्वतःहून करणार नव्हती. विद्यापीठे आणि रुग्णालये एकत्र आली म्हणून ती झाली. माझ्यासारख्या पेन्शनरला आज हे उपचार परवडतात, त्यामागे त्या चाचणीचाही वाटा आहे.

आपल्या देशात असे काही होत नाही, असे मी म्हणणार नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संस्थेचे संचालक डॉ. डी. बालसुब्रमणियन १९९८ मध्ये एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत संशोधन प्रमुख म्हणून गेले. पुढे त्याच संस्थेत, रसायनाने किंवा चुन्याने भाजलेल्या डोळ्यांसाठी बुबुळाच्या कडेच्या मूलपेशी वापरण्याचे उपचार डॉक्टर आणि जीवशास्त्रज्ञांनी मिळून उभे केले. पानाच्या चुन्याची पुडी डोळ्यात फुटलेली मुले आपल्या गावागावांत असतात, त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. मधुमेही पडद्याचे फोटो संगणकाने वाचण्याचे गूगलचे गाजलेले काम २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यातले बरेच फोटो दक्षिणेतल्या नेत्ररुग्णालयांतले होते आणि त्या लेखाच्या लेखकांत भारतीय नेत्रतज्ज्ञही होते. हैदराबाद, मदुराई, चेन्नई, बंगळूर ही नावे सारखी येतात. महाराष्ट्राचे नाव त्यामानाने कमी येते, याची मला खंत वाटते. आपल्याकडे हुशार नेत्रतज्ज्ञांची वाण नाही आणि हुशार भौतिकशास्त्रज्ञांचीही नाही.

मग अडते कुठे? एक कारण मला स्पष्ट दिसते. पूर्वी मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होते, पुण्याचे बी. जे. पुणे विद्यापीठाशी. १९९८ मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ झाले आणि राज्यभरची वैद्यकीय महाविद्यालये तिकडे गेली. त्याने परीक्षा आणि वेळापत्रके एका रांगेत आली, हे चांगलेच झाले. पण त्याच वेळी डॉक्टर होणारी मुले आणि विज्ञान शिकणारी मुले यांच्यात कागदोपत्री भिंत उभी राहिली. आज एम. एस्सी. भौतिकशास्त्राच्या मुलीने नेत्रविभागात प्रकल्प करायचा म्हटले तर दोन विद्यापीठे, दोन मंत्रालयीन खाती आणि नैतिकता समितीची परवानगी, एवढे सगळे पार करावे लागते. शेवटची परवानगी हवीच, तिच्याबद्दल तक्रार नाही. पहिल्या दोन गाठी मात्र आपणच मारून ठेवलेल्या आहेत.

शिवाजी विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग पातळ थरांच्या संशोधनासाठी ओळखला जातो. काचेवर चढवलेल्या, केसाहून कितीतरी पातळ थराची जाडी मोजण्यात तिथल्या मुलांचा हात बसलेला असतो. मिरजेला नेत्रविभागात रोज पातळ थरांचेच चित्र संगणकाच्या पडद्यावर उमटते. मिरज ते कोल्हापूर पन्नास किलोमीटर, रेल्वेने सरळ जाता येते. या दोन खोल्यांतली माणसे एकमेकांना ओळखतही नसतील, तर ते कोणा व्यक्तीच्या आळसामुळे नाही. त्यांनी भेटावे अशी कोणाच्या कामाच्या यादीत नोंदच नाही.

नोंद असली तर काय होते, याचे उदाहरण कर्करोग रुग्णालयांत आहे. किरणोपचाराच्या प्रत्येक केंद्रात वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ असावाच लागतो, अणुऊर्जा नियामक मंडळाचा तसा नियम आहे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात त्यासाठी भौतिकशास्त्रात एम. एस्सी. झालेल्यांना वर्षभराची पदविका दिली जाते. माझे काही विद्यार्थी त्या वाटेने गेले. डॉक्टर सांगतात कुठे आणि किती किरण हवेत, भौतिकशास्त्रज्ञ पाहतो की तेवढेच आणि तिथेच पोचतात. दोघांच्या सह्या होतात, कोणाचा मान कमी होत नाही. नेत्रविभागात लेसर आहेत, ओसीटी आहे, डोळ्याची लांबी मोजणारी यंत्रे आहेत. तिथे मात्र भौतिकशास्त्राच्या माणसाला खुर्ची नाही. यंत्र बिघडले की कंपनीच्या इंजिनिअरची वाट पाहायची, आणि ते न बिघडता चुकीचे आकडे देऊ लागले तर ते कळायलाच उशीर.

हे मी ऐकीव सांगत नाही. नोकरीची बहुतेक वर्षे मी दुसऱ्या जिल्ह्यात होते. तिथले एक नेत्रतज्ज्ञ एकदा आमच्या प्रयोगशाळेत आले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांच्या बऱ्याच रुग्णांना अंदाजाबाहेर प्लसचा नंबर येत होता, तोही साधारण एकसारखा. ऑपरेशन उत्तम, भिंग चांगले, तरी असे का? बसवायच्या भिंगाचा नंबर काढताना बुबुळाची वक्रता लागते आणि ती केराटोमीटरने मोजतात. त्यात बुबुळ हा बहिर्गोल आरसा धरून त्यातल्या प्रतिमेवरून त्रिज्या काढतात. हे तर आमच्या पहिल्या वर्षाचे प्रकाशशास्त्र. आम्ही बेअरिंगच्या दुकानातून पाच सुताची पोलादी गोळी आणली. तिची त्रिज्या जवळजवळ बुबुळाइतकीच, ७.९४ मिलिमीटर. एका विद्यार्थिनीने स्क्रू गेजने व्यास पुन्हा पुन्हा मोजला, मग गोळी मेणावर बसवून केराटोमीटरसमोर डोळ्याच्या जागी ठेवली. भिंगाच्या नंबराच्या भाषेत वाचन साडेबेचाळीसच्या आसपास यायला हवे होते. ते सुमारे एकाने जास्त येत होते. यंत्र वक्रता जास्त दाखवत होते, म्हणून भिंग कमी ताकदीचे बसत होते आणि रुग्णाच्या वाट्याला प्लसचा नंबर येत होता. यंत्र जुळवून घेतल्यावर प्रश्न मिटला. ती गोळी डॉक्टरांनी आपल्या टेबलाच्या खणात ठेवून घेतली आणि पुढे ते दर महिन्याला तिच्यावर यंत्र तपासून पाहत.

त्या मुलीला त्या कामाचे गुण मात्र मिळाले नाहीत. प्रकल्पाच्या यादीत असा विषय नव्हता, बाहेरचा मार्गदर्शक डॉक्टर असलेला चालत नव्हता. तिने परीक्षेसाठी दुसराच, नेहमीचा प्रकल्प लिहून दिला. गावातल्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या चष्म्याचा नंबर जिच्यामुळे सुधारला, त्या कामाची एका ओळीचीही नोंद कुठे नाही. मला याचे आजही वाईट वाटते.

डॉक्टरांची बाजू मला कळते. सरकारी नेत्रविभागाची ओपीडी म्हणजे सकाळपासून व्हरांड्यात रांग. त्यात कोण विद्यार्थी सांभाळणार? विज्ञानाचे प्राध्यापकही रिकामे नाहीत. त्यांना लेखांची संख्या दाखवायची असते, आणि रुग्णालयातल्या कामातून लेख निघायला वर्षे लागतात. शिवाय रुग्ण म्हणजे प्रयोगाची वस्तू नव्हे, त्याची संमती आणि त्याची माहिती गुप्त राहणे यात तडजोड नको. पण म्हणूनच हे काम उत्साही व्यक्तींच्या हौसेवर सोडता येत नाही. ती व्यक्ती बदलून गेली की सगळे बंद पडते.

तेव्हा माझ्या मागण्या थोड्या आणि साध्या आहेत. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि राज्यातली इतर विद्यापीठे यांनी आपसात करार करावा, की पदव्युत्तर विद्यार्थ्याचा प्रकल्प एक मार्गदर्शक इकडचा आणि एक तिकडचा अशा जोडीने मान्य होईल आणि त्याचे गुण दोन्हीकडे धरले जातील. पुणे, मुंबई, नागपूर, मिरज-कोल्हापूर अशा जोड्यांपासून सुरुवात व्हावी. सरकारी पैशाने घेतलेल्या प्रत्येक मोठ्या नेत्रयंत्राच्या खरेदीत त्याची नियमित तपासणी करणाऱ्या भौतिकशास्त्राच्या पदवीधराचे एक पद धरावे. आणि ओपीडी संपल्यावर, आठवड्यातून एक दुपार, ती यंत्रे विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी उघडी ठेवावीत. त्या वेळी एकाही रुग्णाला बोलावायची गरज नाही. प्लॅस्टिकचा नमुना-डोळा आणि पोलादी गोळी यांवर पहिले वर्षभर पुरेल एवढे काम आहे.

नेत्रतज्ज्ञ होऊ घातलेल्या निवासी डॉक्टरांनाही ज्या यंत्राचे चित्र ते दिवसभर वाचतात त्याचे आतले तत्त्व हाताने करून पाहायला मिळावे. पांढऱ्या प्रकाशाच्या कड्या एकदा स्वतः शोधल्या की ओसीटीच्या चित्रात खरे काय आणि यंत्राने उमटवलेला भास कोणता, हे ओळखायला मदत होते. हे मी रुग्ण म्हणूनही सांगते. मागे माझ्या एका चित्रात पडद्याची जाडी एकदम वाढलेली आली होती, आणि ती सूज नसून यंत्राने थराची रेघ चुकीच्या जागी ओढली आहे, हे माझ्या डॉक्टरांनी नीट पाहिले म्हणून एक इंजेक्शन वाचले.

ज्या रुग्णालयात यंत्र आल्याची बातमी आपण छापली, तिथल्या निवासी डॉक्टरांसाठी मी हा प्रयोग विनामूल्य घ्यायला तयार आहे. इंटरफेरोमीटर कोणत्याही जवळच्या विज्ञान महाविद्यालयात असतो, बहुधा कपाटात. माझ्या ओळखीच्या दोन निवृत्त सहकाऱ्यांचीही तयारी आहे. संबंधितांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवले तरी चालेल. सकाळी ओपीडी असते, म्हणून दुपारी तीननंतरची वेळ बरी.

आपली,
एक निवृत्त भौतिकशास्त्र प्राध्यापिका
विश्रामबाग, सांगली